पांढरी लागली

जुन्या नाशकातल्या एका अरुंद गल्लीत गटाराच्या पाइपासाठी चर खणला जात होता. ब्रेकरने वरचं काँक्रीट फोडून झालं, त्याखालची मुरूम आणि विटांच्या चुऱ्याची भर निघाली, आणि मग जेसीबीच्या दातांना राखट रंगाची भुसभुशीत माती लागली. इतका वेळ अडखळणारी बकेट एका दमात खाली उतरली. चराच्या तोंडाशी उभा असलेला पिकल्या मिशांचा मजूर चालकाला ओरडून म्हणाला, “पांढरी लागली रे! आता दुपारच्या आत उरकतंय.” आणि खरंच उरकलं. बाहेर पडलेल्या ढिगात खापरं होती, जनावरांच्या हाडांचे तुकडे होते, कोळशाचे काळे कण होते. एका पोराने लाल रंगाचं एक खापर उचललं, नळाखाली चोळून धुतलं, उन्हात धरून पाहिलं आणि विचारलं, “हे किती जुनं असंल?” कुणालाच सांगता आलं नाही. ढीग ट्रॅक्टरमध्ये चढला आणि गावाबाहेरच्या कुठल्या तरी भरावात गेला.

टोचणी लागली ती या दोन वाक्यांमुळे. पुरातत्त्वाच्या अहवालांत ज्याला वस्तीचे निक्षेप (माणसाच्या राहण्यामुळे साचलेले थर) म्हणतात, त्याला माती उपसणारा, भिंती घालणारा, शेत कसणारा माणूस पिढ्यान् पिढ्या पांढरी म्हणत आला आहे. शब्द बिनचूक होता. जेसीबीचे दात नेमके कशात घुसलेत हे त्या मजुराला कळलेलं होतं. पण त्या क्षणी त्या शब्दाचा अर्थ एवढाच उरला होता की माती मऊ आहे, काम लवकर होईल. आणि त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर खापरात नव्हतंच.

ते चराच्या भिंतीत होतं, दोन हातांवर.

गाव म्हणजे काळी आणि पांढरी, ही आपली जुनी वाटणी. नांगराखालची ती काळी, घरांखालची ती पांढरी. सह्याद्रीच्या या बाजूला मूळ खडक काळा, त्याची झीज होऊन झालेली माती काळी नाहीतर तांबूस. तिला पांढरेपण येतं ते माणूस एका जागी टिकून राहिल्यामुळे. रोजची चुलीची राख, शेणाचं सारवण, जनावरांचा गोठा, पावसात विरघळलेल्या मातीच्या भिंती, चुना, फेकलेली हाडं हे सगळं शेकडो वर्षं त्याच जागी पडत गेलं की मातीचा रंग उतरतो, ती हलकी होते, हाताला चिकटत नाही, ओल लवकर सोडते. राखेतून चुना आणि पोटॅश येतं, हाडांतून आणि शेणातून स्फुरद. म्हणूनच शेतकऱ्याला ती खत म्हणून हवीशी वाटते. ओसाड पांढरीची टेकाडं गाड्या भरभरून काळ्या रानात पसरली गेली, ती याच कारणाने. अनेक टेकाडांच्या कडा उभ्या कापल्यासारख्या दिसतात, ते नदीने नेहमीच केलेलं नसतं. कितीदा तिथे फावडं चाललेलं असतं. धाब्याच्या घरांवर पाणी धरू नये म्हणून पांढरी चढवली, गढ्यांचे बुरूज आणि तट पांढरीचे घातले. हे नंतर एका अडचणीच्या जागी उपयोगी पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

काळी आणि पांढरी या दोन्हींची एकदमच आठवण व्हावी असा मजकूर नाशकातच, पांडवलेण्यांत कोरलेला आहे. तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे दोन आदेश आहेत. पहिला त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षाचा: शक क्षत्रप नहपानाच्या घरातल्या उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं तेव्हाचं माप) शेत डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं. दुसरा २४व्या वर्षाचा, गोवर्धनचा अमात्य सामक याला उद्देशून, आणि त्यात राजाच्या बरोबरीने राजमातेचंही वचन आहे. गोवर्धन म्हणजे गंगापूरच्या वाटेवरचं आजचं गोवर्धन. आदेश सांगतो की काखडी गावात भिक्षूंना पूर्वी शेत दिलं होतं, पण ते ‘खेत न कसते’ आणि तो ‘गामो न वसति’. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरचं राजाच्या मालकीचं १०० निवर्तनं शेत द्यावं. शेत कसलं जात नाही, गाव वसत नाही. ही ओळ समजायला प्राकृताचा कोश लागत नाही. नाशिक जिल्ह्यातला कुठलाही शेतकरी आजही शेत कसतोच. दानाच्या रकमा, विजयांची वर्णनं, कुळाचा अभिमान यांनी भरलेल्या त्या भिंतीवर ही ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. कारण गाव उठणं ही घटना उत्खननात नेहमी फक्त मातीवरून ओळखावी लागते. इथे ती समकालीन माणसाने लिहून ठेवली आहे, आणि ती का लिहिली तर कागदोपत्री दिलेल्या जमिनीतून एक दाणाही येत नव्हता म्हणून.

गाव वसायचं थांबलं की पुढे काय होतं, त्याचा क्रम ठरलेला आहे. लोक जाताना वासे, खांब, दारं घेऊन जातात. लाकूड कुणी मागे ठेवत नाही. छप्पर गेलं की मातीची भिंत दोन-चार पावसाळ्यांत वरून विरघळायला लागते. तिची माती पायथ्याशी साचते आणि खालचा हात-दीड हात भाग त्याच मातीत गाडला जाऊन वाचतो. खांब उपटलेल्या खड्ड्यांत वरची काळसर, मऊ माती भरते. चुलीचं तळ भाजून लाल झालेलं असतं, ते तसंच राहतं. मग गवत, बाभळी, उंदीर, घुशी. पन्नास वर्षांनी वरून पाहणाऱ्याला फक्त एक फिकट उंचवटा दिसतो. तेच टेकाड.

नाशकात गोदावरीकाठी असं टेकाड गावाच्या पोटातच आहे. मातीच्या गढीवर १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. त्याच हंगामात प्रवरेकाठच्या जोर्वे इथेही. नाशकाच्या छेदात, म्हणजे खणल्यावर उघड्या पडलेल्या उभ्या भिंतीत, चार कालखंड मिळाले: तळाशी ताम्रपाषाण काळ, त्यावर लोखंडाचा वापर सुरू झालेला इतिहासकाळाचा आरंभ, त्यावर सातवाहनांचा आणि रोमशी चाललेल्या व्यापाराचा काळ, आणि सगळ्यांत वर मुसलमानी आणि मराठा काळ. इथे नवख्या वाचकाची हमखास गल्लत होते. थरांना आकडे वरून खाली देतात, कारण खणताना तेच क्रमाने भेटतात. कालखंडांना आकडे खालून वर देतात, कारण इतिहास तसा घडला. म्हणजे पहिला थर सर्वांत नवा आणि पहिला कालखंड सर्वांत जुना. अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवलं नाही तर सातवाहन पेशव्यांच्या डोक्यावर जाऊन बसतात.

आणि तिसऱ्या-चौथ्या कालखंडांच्या मध्ये शतकांची पोकळी आहे. ती छेदात दिसते कशी? बहुतेक वेळा दिसतच नाही. थराची जाडी म्हणजे काळाची लांबी, असं डोळ्याला वाटतं आणि डोळा फसतो. आगीत कोसळलेलं घर एका रात्रीत दोन-तीन फूट भर टाकतं. ओसाड पडलेली हजार वर्षं कित्येकदा एका रेषेत मावतात. ती रेष शोधायची तर पृष्ठभाग उघड्यावर राहिल्याच्या खुणा पाहाव्या लागतात: घासून गोल झालेल्या कडांची खापरं, पाण्याने आणलेल्या बारीक गाळाचा पापुद्रा, मुळांच्या वाटा, चुनखडीचे कण. ज्याला हे दिसत नाही तो खालचा आणि वरचा थर एकमेकांना चिकटवून टाकतो, आणि मग वस्ती अखंड होती असं लिहून मोकळा होतो.

उत्खननाची सगळी पद्धत या एका भिंतीसाठी आहे, असं म्हटलं तरी चालेल. जागेवर खुंट्या ठोकून दोऱ्याने चौकटी आखतात, पाच किंवा दहा मीटरच्या. शेजारशेजारच्या चौकटींमध्ये मीटरभर रुंदीची माती न खणता सोडतात, तो बांध. बांधावरून ये-जा होते, घमेली वाहिली जातात, पण त्याचं खरं काम म्हणजे खणलेल्या भागाचा उभा छेद शेवटपर्यंत जपणं. सगळी मापं एका न हलणाऱ्या बिंदूपासून घेतात, जमिनीपासून नव्हे, कारण जमीन उतरती असते आणि लोकांच्या पायांनी झिजतेही. कुदळ वरच्या भरावापुरती. थर बदलला असं वाटलं की गवंड्याची थापी आणि ब्रश. थर बदलल्याचा पहिला निरोप डोळ्यांआधी हाताला मिळतो: थापीचा आवाज बदलतो, माती वेगळी सुटते. छेद वाचायचा तर सकाळी, ऊन तिरपं असताना. थापीच्या धारेने तो वरून खाली तासायचा, म्हणजे वरची माती खालच्यावर लिंपली गेली तरी पुढच्या फटक्यात निघते. दुपारी उन्हाने सगळी भिंत एकाच राखी रंगाची दिसू लागते. तेव्हा फवाऱ्याने हलकं पाणी मारलं की राखेचे, कोळशाचे, पिवळ्या मातीचे पट्टे पुन्हा वेगळे होतात. जास्त पाणी मारलं तर भिंतच खाली येते.

सर्वांत जास्त घात होतो तो खड्ड्यांमुळे. माणूस राहतो तिथे खड्डे खणतो: धान्याचं बळद, उकिरडा, खांब, शोषखड्डा, पुढे कुणी जुन्या विटा उकरायला मारलेला चर. पेशवाईतल्या एखाद्या घराचा खड्डा सरळ सातवाहनांच्या थरात उतरतो आणि त्याच्या तळाशी चिनीमातीच्या बशीचा तुकडा पडून राहतो. खोली मोजून वस्तू लिहिली तर तो तुकडा दोन हजार वर्षांचा ठरेल. म्हणून प्रश्न असा विचारायचा की खड्ड्याचं तोंड कोणत्या थरात उघडतं. खड्डा तितकाच जुना, तळ कितीही खोल असो. खड्डा ओळखला की आधी त्यातली भर वेगळी काढायची, वेगळ्या थैलीत, आणि मगच आजूबाजूचा थर खणायचा. घुशींची बिळं हा याच संकटाचा धाकटा भाऊ. आणि काळ्या रानातल्या स्थळांवर आणखी एक त्रास: काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते. मीटरभर खोल भेगांतून मणी, बी, काचेचा तुकडा सहज खाली जातो, पावसात भेग मिटते आणि वस्तू वाटेल त्या खोलीवर बंदिस्त होते. खोलवर एकच लहान वस्तू वेगळ्या काळाची मिळाली, तर आनंदाआधी भेग शोधावी.

आता ती गढीच्या मातीची गोष्ट. गढीचा तट पांढरीचा घातला म्हणजे कुठली तरी जुनी वस्ती उकरून तो उभा केला. त्या मातीबरोबर खापरं आलीच. तटाच्या पोटात सातवाहन काळातलं खापर मिळालं म्हणून तट सातवाहन काळातला होत नाही. उलट बाजूने मात्र हिशेब चालतो: तटाच्या मातीत सर्वांत नवी जी वस्तू मिळेल, तिच्या आधीचा तट असू शकत नाही. शंभर जुन्या खापरांपेक्षा एक नवं खापर इथे जास्त बोलतं. गढ्यांवरून खापरं वेचून “आमची गढी दोन हजार वर्षांची” असं अभिमानाने सांगणाऱ्यांना हे रुचत नाही, पण गढीखालची पांढरी दोन हजार वर्षांची असेल ही शक्यता त्याहून थोर आहे.

खापराकडे येऊ. भांड्याच्या भागांची नावं आपल्याकडे कुंभारवाड्यातून तयार आहेत: काठ, गळा, खांदा, पोट, बूड, कान, तोटी. खापरांच्या ढिगात पोटाचे तुकडे सर्वांत जास्त आणि सर्वांत मुके. काठ थोडे आणि बोलके, कारण काठाची घडण काळाबरोबर बदलते. काठाचा तुकडा सपाट फळीवर पालथा धरायचा आणि फळी व काठ यांच्यामधून उजेड येईनासा होईपर्यंत मागे-पुढे कलवायचा. उजेड बंद झाला की भांडं पूर्वी ज्या कलाने उभं होतं तो कल सापडला. मग एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर काठाची कमान जुळवून व्यास काढायचा. कमान वर्तुळाच्या विसाव्या हिश्शाहून कमी असेल तर व्यास लिहू नये. एवढ्याशा तुकड्यावरून वाटी आणि रांजण दोन्ही निघतात. काठ झाला की ताजी मोड, म्हणजे तुटलेली कड, पाहायची. बाहेरून लाल, मध्ये राखी पट्टा म्हणजे आव्यात आच लागली पण पुरेसा वेळ मिळाला नाही. मोड आरपार लाल म्हणजे हवा आणि वेळ दोन्ही होतं. आत काळं, बाहेर तांबडं म्हणजे भांडं पालथं घालून भाजलं, आतल्या बाजूला हवा पोचली नाही. आतल्या अंगाला समांतर बारीक रेषा असतील तर चाक. दगडी गोट्याचे उथळ खळगे असतील तर आतून गोटा धरून बाहेरून थापटलेलं. मातीत तुसाच्या पोकळ्या, वाळूचे कण, अभ्रकाची चमक काय आहे ते भिंगाखाली पाहायचं.

जोर्वे पद्धतीचं खापर एकदा हातात घेतलं की विसरत नाही. बारीक मळलेली माती, नारिंगीकडे झुकणारा तांबडा लेप, त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेघांच्या जाळ्या, चौकटी, लाटा. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. पोटाला ठसठशीत कंगोरा आणि तोटी असलेलं पात्र ही त्याची ठळक ओळख. प्रवरेकाठच्या एका खेड्याचं नाव इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातल्या महाराष्ट्रभरच्या शेतकरी वस्त्यांना मिळालं, ते या भांड्यांमुळे. इनामगाव, दायमाबाद, नेवासे, नाशिक सगळीकडे तीच. नाशकाच्या गढीवर त्यांच्यानंतरच्या थरांत लोखंड येतं आणि उत्तरेकडची काळी चकचकीत भांडी येतात, आरशासारखं पॉलिश असलेली. ती दुरून आलेली, महागाची. फुटलं तर तांब्याच्या तारेने सांधलेलं असं भांडं इतर स्थळांवर मिळालेलं आहे.

त्या पोराने खापर लगेच नळाखाली चोळलं. सगळेच तसं करतात. धूळ गेल्याशिवाय काही पाहिल्यासारखं वाटत नाही. पण भाजल्यानंतर लावलेले रंग पाण्याने सुटतात, आणि भांड्यात शिजलेल्या अन्नाची चरबी मातीच्या छिद्रांत मुरलेली असते, ती तपासायची असेल तर धुणं तर सोडाच, हाताचा घामही नको. उत्खननात प्रत्येक थराची थैली वेगळी, थैलीत चिठ्ठी आणि बाहेरही चिठ्ठी, दोन्ही पेन्सिलने लिहिलेल्या, कारण शाई ओलीने फुटते. धुवायची ती खापरं मऊ ब्रशने, एका वेळी एकाच थैलीतली, आणि सावलीत जाळीवर वाळवायची. वाळवताना दोन थैल्या एकत्र झाल्या तर महिनाभराचं काम संपलं. मग प्रत्येक खापराच्या आतल्या अंगाला, मोडीपासून दूर, स्थळाचं लघुनाव, साल, चौकट, थर असं बारीक अक्षरात लिहून वर पारदर्शक लेप द्यायचा. हे लिहिणं सर्वांत कंटाळवाणं काम आहे आणि सर्वांत महत्त्वाचंही. ते लिहिलेलं नसेल तर संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेलं देखणं भांडंही त्या पोराच्या खापराइतकंच अनाथ.

कोळशाचं तसंच. कार्बन १४ चं प्रमाण दर ५७३० वर्षांनी निम्मं होतं, या मोजणीवर कोळशाचं वय निघतं. तो थापीच्या टोकाने उचलून ॲल्युमिनियमच्या पन्नीत बांधायचा. कागद नको, कापूस नको, जवळ विडी-सिगारेट तर मुळीच नको, कारण हे सगळं आजचं कार्बन. शक्य तिथे कोळशाऐवजी जळालेलं धान्य द्यावं. सागाच्या जुन्या खांबाचा गाभा खांब तोडण्याच्या शंभर वर्षं आधीच वाढायचा थांबलेला असतो. त्याचा कोळसा घराचं वय तेवढं वाढवून सांगतो. जोंधळा-गहू मात्र त्याच सालचा. मातीची घमेली पाण्याच्या टाकीत हळूहळू सोडून ढवळली की जळकं धान्य वर तरंगतं, ते अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर धरायचं. एवढं करूनही इ.स.पू. ८०० ते ४०० हा पट्टा चकवा देतो. त्या शतकांत वातावरणातल्या कार्बन १४ चं प्रमाण असं बदलत गेलं की निरनिराळ्या काळातले नमुने जवळजवळ एकच आकडा दाखवतात आणि उत्तर तीन-चारशे वर्षांच्या पसाऱ्यात मिळतं. आपल्याकडे जोर्वे वस्त्या उठल्या आणि इतिहासकाळातली गावं वसली, ती मधली संधी नेमकी याच पट्ट्यात येते. म्हणून तिथे प्रयोगशाळेच्या आकड्याला छेदाची साक्ष लागतेच.

वर काय आणि खाली काय, एवढ्या एका प्रश्नाची ताकद पाहायची असेल तर जोगलटेंभीची नाणी पाहावीत. सिन्नर तालुक्यातल्या या गावी १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले आहेत. खाली नहपानाचा चेहरा आणि झिजकी ग्रीक अक्षरं, वर तीन कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह. जेमतेम दोन ग्रॅम चांदीवर दोन थर. कोण आधी, कोण नंतर, आणि ज्याने हरवलं त्याने हरलेल्याचा पैसा वितळवला नाही, चालू ठेवला, हे त्यावरून कळलं. लेण्यातल्या पहिल्या आदेशातली उषवदाताच्या ताब्यातल्या शेताची ओळ याला जुळते. उषवदात नहपानाचा जावई. अशी नाणी कुणाला मिळाली की पहिला उद्योग चिंचेने, राखेने, लिंबाने घासायचा. वरचा ठसा उथळ असतो. चकाकी येते आणि तोच जातो. नाणं जसं मिळालं तसं कोरड्या कागदी पाकिटात ठेवावं. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयात जुनी नाणी नीट पाहायला मिळतात.

नाशकात सध्या जमीन सतत उघडली जाते आहे. वाडे पडतात, त्यांच्या जागी तळमजल्यावर पार्किंग असलेल्या इमारती येतात. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते, घाट, जलवाहिन्या. गढीचा काठ पावसाळ्यात ढासळतो तेव्हा बातमी घरांची येते, आणि यायलाच हवी. तिथे राहणाऱ्यांचा जीव आधी. पण त्याच दरडीत आपोआप उघडलेला छेद असतो आणि आठवड्याभरात तो पुन्हा मातीआड जातो. केंद्राच्या कायद्याने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीची अट आहे. जुन्या गावातल्या बहुतेक गल्ल्या त्या रेघेबाहेर पडतात, आणि पांढरी काही रेघ पाहून थांबलेली नाही. सगळीकडे उत्खनन करा असं कुणी म्हणणार नाही. गटार हवंच.

मागणं अर्ध्या तासाचं आहे. चर मीटरभरापेक्षा खोल गेला आणि पांढरी लागली की बकेट थांबवायची. आधार न दिलेल्या खोल चरात उतरायचं नाही, पांढरी ढासळते. काठावरूनच काम होतं. एक भिंत लांब दांड्याच्या फावड्याने वरून खाली तासून घ्यायची. तिच्यावर टेप सोडायचा, शून्य रस्त्याच्या पातळीला. सावली भिंतभर सारखी पडेल असं पाहून मोबाइलवर फोटो: एक सबंध भिंतीचा, मग वरून खाली थोडे थोडे, प्रत्येकात टेपचे आकडे दिसतील असे. राखेचा पट्टा, विटांची ओळ, खड्ड्याचं तोंड कितव्या सेंटिमीटरला आहे ते वहीत. खापरं वेचायची ती ढिगातून नव्हे, तासलेल्या भिंतीतून हाताशी येतील तेवढीच. प्रत्येक थराची वेगळ्या पिशवीत, न धुता. नाणी किंवा दागिने निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. बाकीच्यासाठी राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे फोटोंसह अर्ज देता येतो. आणि पिशवीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलने: गल्लीचं नाव, कोणत्या घरासमोर, तारीख, रस्त्यापासून खोली, वरून कितवा थर, वरच्या आणि खालच्या थराचा रंग.